वेताळाची गाडी

कोकणात आणि गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या आणून ठेवायच्या. आजोळच्या गावी मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. माझ्या दोन्ही पायांचे पंजे एकापुढे एक ठेवले तरी जागा उरेल एवढ्या थोराड. मी आजीला विचारलं, "याला एक गाडीच का नाही देत?" उत्तरादाखल पाठीत एक धपाटा मिळाला. पन्नासेक वर्षांनी ते काम मीच हाती घेतलं, एक पंचविसांश मापात.

माझी सगळी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये गेली. प्लॅस्टिकचे साचे घडवणं हेच काम. त्यामुळे मॉडेल गाडीच्या किटचा डबा उघडला की लोक झाकणावरचं चित्र पाहतात आणि मी आधी रनर पाहतो. रनर म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना सुटे भाग लटकलेले असतात ती चौकट. साच्याचे दोन अर्धे नीट बसले नसतील तर भागाच्या कडेला पातळ पापुद्रा येतो, तो फ्लॅश. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनेचा छोटा गोल ठसा राहतो. दुसऱ्याच्या टूलरूमच्या या चुका शोधत मी तास-तास बसतो. घरच्यांच्या मते हा छंद नव्हे, हा ओव्हरटाइम.

एका किटची बॉडी, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्या कुठल्या विमानाचं नाक, रणगाड्याची टाकी, असं जमवून भलतंच काही उभं करणं याला किटबॅशिंग म्हणतात. आपल्याकडे कुणी याला गोधडी म्हणेल, पण गोधडीचा न्याय उलटा. हा तुकडा आईच्या लुगड्याचा, हा काकूच्या, हे ओळखू येण्यातच गोधडीची मजा. इथे मात्र तुकडा ओळखू आला की काम फसलं.

ही खोड लागली अमेरिकेत, आणि लावली कंपन्यांनीच. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची एएमटी कंपनी आधी मोटारींच्या डीलरांसाठी नव्या गाड्यांची तयार छोटी मॉडेलं करायची. १९५८ साली तिने तीच मापं वापरून १/२५ ची जोडायची किटं काढली, आणि त्यात एक मेख मारून ठेवली : थ्री-इन-वन. एकाच डब्यात शोरूममधली गाडी, नटवलेली गाडी आणि शर्यतीची गाडी, तिन्हींचे भाग. बांधता मात्र एकच येणार, कारण बॉडी एकच. पोराने शर्यतीची बांधली की नटवलेल्या गाडीचे बंपर आणि चाकांच्या टोप्या उरल्या. त्या गेल्या बुटाच्या खोक्यात. असे चार-पाच डबे झाले की खोक्यात एक आख्खी गाडी जमा होते, फक्त तिला अजून रूप नसतं. पुढचं सगळं त्या खोक्याने केलं.

खऱ्या गाड्यांच्या दुनियेतही तोच खेळ जोरात होता. कॅलिफोर्नियातला एड रॉथ फायबरग्लासमध्ये काय वाटेल ते घडवायचा. १९६१ च्या त्याच्या 'बीटनिक बँडिट'ला डोक्यावर आख्खा पारदर्शक फुगा होता आणि स्टिअरिंगचं चाकच नव्हतं. वळणं, पळणं, थांबणं, सगळं एका दांडीवर. रेव्हेल कंपनीने १९६३ मध्ये तिचं किट बाजारात आणलं. त्यानंतरच्या वर्षी 'द मन्स्टर्स' या भुताखेतांच्या विनोदी मालिकेसाठी जॉर्ज बॅरिसच्या गॅरेजने फोर्ड मॉडेल टीच्या तीन बॉड्या जोडून अठरा फुटी गाडी केली. त्याच मालिकेतल्या म्हाताऱ्या आजोबांना जी दुसरी गाडी दिली तिची बॉडी म्हणजे फायबरग्लासची शवपेटी. एएमटीने दोन्हींची किटं काढली. भुताला गाडी देण्यात मी काही पहिला नाही हे मला इथे कळलं आणि आजीच्या धपाट्याचं जरा वाईट वाटलं.

मन्स्टरांच्या गाडीचं डिझाइन टॉम डॅनियलचं. याच माणसाने पुढे मोनोग्राम कंपनीसाठी 'रेड बॅरन' काढली. छोटी हॉटरॉड, म्हणजे पळवण्यासाठी फेरफार केलेली जुनी गाडी. छप्पर म्हणून पहिल्या महायुद्धातलं टोकदार जर्मन शिरस्त्राण, आणि पुढे विमानाचं सहा सिलिंडरचं मर्सिडीज इंजिन. १९६८ च्या या किटमागे खरी गाडी नव्हतीच. किट एवढं गाजलं की चक मिलर नावाच्या कारागिराने त्यावरून पूर्ण मापाची, चालणारी गाडी बांधली. त्यात विमानाचं इंजिन काही बसवलं नाही, सहा सिलिंडरचं पाँटिअ‍ॅक बसवलं. म्हणजे इथे आधी खेळणं आणि मग वस्तू. आमच्या टूलरूममध्ये असं उलटं ड्रॉइंग आलं असतं तर साहेबांनी परत पाठवलं असतं.

असले चाळे अमेरिकेतच सुचतात असं मात्र समजू नका. १९१० साली कलकत्त्याच्या रस्त्यावर हंसाच्या आकाराची मोटार धावत होती. मॅथ्यूसन नावाच्या तिथल्या धनिक इंग्रजाने ती इंग्लंडमध्ये ब्रुक कंपनीकडून बांधून घेतली होती. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा, आणि मागून, हंसाने घाण केल्यासारखा, चुना पडायचा. पुढे ती नाभ्याच्या महाराजांनी घेतली. आज ती नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे.

आता वेताळाकडे वळू. बॉडी ठरलेलीच होती, १९३२ ची फोर्ड रोडस्टर. मॉडेलवाल्यांच्या जगात ती आमच्या वडापावसारखी, सगळीकडे मिळणारी. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०६ इंच, मॉडेलमध्ये १०८ मिलिमीटरच्या आत-बाहेर. बोनेट काढून टाकलं. आता नाकाला काय लावायचं?

इथे मापाचा मुद्दा येतो, आणि या कलेतली सगळी मेख तिथेच आहे. गाड्यांची किटं बहुधा १/२४ किंवा १/२५, विमानं १/४८ किंवा १/७२, रणगाडे १/३५. यातल्या १/२४ आणि १/४८ मागे फूट-इंचाचा सरळ हिशेब आहे : अर्ध्या इंचाला एक फूट, पाव इंचाला एक फूट. १/३५ मागे कसलाच हिशेब नाही. जपानच्या तामियाने १९६० च्या दशकात मोटरवर चालणाऱ्या पँथर रणगाड्याचं किट केलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो मोठा ठेवला, मग मोजलं तर माप १/३५ च्या जवळ आलं. पुढे सगळ्या जगाने ते प्रमाण मानलं.

मग वेगवेगळ्या मापांचे भाग एका गाडीत कसे चालतात? माझा नियम साधा आहे. माणसाचा हात, पाय किंवा बूड जिथे लागतं तो भाग मापातच हवा. सीट, स्टिअरिंग, पायरी, दाराची मूठ, पेडल यांत लबाडी चालत नाही. बाकी टाक्या, नळ्या, पंखे, सिलिंडर यांना स्वतःचं माप नसतं. ते ज्याच्या शेजारी बसतात त्याचं माप घेतात. दिवाळीच्या किल्ल्यावर हे दरवर्षी दिसतं. दगडमातीचा डोंगर कुठल्याही मापाचा चालतो, पण दरवाजात उभा केलेला मावळा दरवाजापेक्षा उंच निघाला की आख्खा सिंहगड अंगणातला ढिगारा होतो.

हॉलिवूडने हीच गोष्ट कारखान्यासारखी वापरली. 'स्टार वॉर्स'साठी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या गोदामात यानं बांधणाऱ्या मंडळींनी रणगाड्यांची, विमानांची, गाड्यांची किटं ढिगाने फोडली आणि त्यांचे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. असल्या निरुद्योगी भागांना त्यांनी 'ग्रीबली' हे नाव दिलं. एखाद्या ग्रीबलीचं काम काय, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिने फक्त यान प्रचंड दिसलं पाहिजे.

तर नाकासाठी मी १/४८ च्या डाकोटा विमानाचं इंजिन घेतलं. चौदा सिलिंडर, चांदणीसारखे गोल मांडलेले. खऱ्या इंजिनाचा व्यास ४८ इंच, म्हणजे किटमध्ये बरोबर एक इंच. तोच एक इंच १/२५ च्या गाडीवर बसला की २५ इंचांचा होतो, आणि रोडस्टरच्या नाकाला २५ इंच अगदी शोभतात. हा हिशेब जमला त्या रात्री मला झोप आली नाही. मागची चाकं ड्रॅग शर्यतीच्या गाडीची, जाड आणि गुळगुळीत. पुढची मॉडेल टीची, लाकडी आऱ्यांची. बाजूने निघणाऱ्या धुराड्यांची तोंडं वर वळवून त्यांच्या मशाली केल्या, कारण वेताळाची स्वारी मशालींशिवाय निघाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मागे पालखीच्या दांडीसारखी कमान, तापवून वाकवलेल्या रनरची. कवटी एकही लावली नाही. माझ्या मते कवटी हा आळशी माणसाचा अलंकार आहे.

हे सगळं आधी मास्किंग टेप आणि मळलेल्या मेणमातीने नुसतं टेकवून बघायचं. मी आठवडाभर तसंच ठेवतो, जाता-येता बघतो, मिलिमीटर दोन मिलिमीटर सरकवतो. गाडी बसलीय कशी, यावर निम्मं काम असतं. नाक खाली आणि ढुंगण वर असेल तर ती उभ्याउभ्या पळते. चारही चाकं टेकली की नाही ते काचेवर ठेवून चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघायचं. तीनच टेकतात, नेहमीच.

चिकटवण्याबद्दल एक गैरसमज असतो. पॉलिस्टायरिनचा पातळ सिमेंट हा गोंद नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मुरतात आणि द्रव उडून गेला की उरतो तो एकच तुकडा. म्हणजे वेल्डिंगच. म्हणून क्रोमच्या भागावर तो चालत नाही, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर आडवा येतो. तो थर घरातल्या ब्लीचमध्ये भिजवला की उतरतो. दोन निराळ्या कंपन्यांचे भाग जिथे भेटतात तिथे फट राहतेच. रनरचे तुकडे सिमेंटमध्येच विरघळवून त्याची लापशी करायची आणि ती फटीत भरायची. घट्ट व्हायला दोन दिवस द्यायचे, मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून.

मी दोन दिवस दिले नाहीत आणि त्याची शिक्षा भलत्याच ठिकाणी मिळाली. बीटनिक बँडिटसारख्या वरच्या फुग्यासाठी एका लढाऊ विमानाची काच आणली होती. घाईत ती सायनोने चिकटवली, म्हणजे तो बोटं चिकटवणारा झटपट गोंद. त्याची वाफ बंद जागेत कोंडली आणि सकाळी आतून काच पांढरी, मोतीबिंदू झाल्यासारखी. काढताना तडकली ती वेगळीच. शेवटी सागाचा ठोकळा कोरून घासून त्याचा साचा केला, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण मेणबत्तीवर लांबून तापवलं, मऊ झाल्यावर ठोकळ्यावर दाबलं. पहिलं झाकण जळलं, दुसरं सुरकुतलं, तिसरं जमलं. तोवर पाव किलो पेढे आणि पाव किलो बर्फी घरातल्यांनी संपवली होती, तक्रार न करता. तो घुमट पांढऱ्या फेविकॉलने बसवला. वाळल्यावर तो दिसेनासा होतो आणि वाफही सोडत नाही.

आणि मग प्रायमर. तोपर्यंत समोर असतं ते पांढरं, करडं, हिरवं, काळं, क्रोम उडालेलं पिवळट असं भंगार. बायको विचारते, "हे कधी आवरणार?" राखाडी प्रायमरचा एक पातळ हात फिरवला की सगळे रंग एका क्षणात जातात आणि मागे फक्त आकार उरतो. डाकोटा आणि फोर्ड यांची ओळख संपते, तिथे पहिल्यांदा एक गाडी दिसते. प्रायमर चुगलखोरही आहे. भरून झाली असं वाटलेली प्रत्येक फट तो दाखवतो. माझ्या गाडीच्या त्याने नऊ दाखवल्या.

रंग शेंदरी, यात प्रश्नच नव्हता. पण शेंदूर म्हणजे नुसता नारिंगी नव्हे. गावाच्या सीमेवरचा शेंदूर लावलेला दगड जवळून पाहा. थरावर थर चढून कडा गोल झालेल्या असतात, तेलामुळे ओलसर चमक असते, खपली निघालेल्या जागी आतला जुना गडद थर दिसतो. मी आधी तपकिरी मारला, त्यावर ठिकठिकाणी मीठ चिकटवलं, वर शेंदरी, आणि वाळल्यावर मीठ ब्रशने झाडलं. मीठ होतं तिथे खपल्या. शेवटी चकचकीत आणि मॅट यांच्या मधलं वार्निश. इंजिनाच्या फटींतून पाण्यासारखा पातळ केलेला काळा सोडला, तो खोबणींत जाऊन थांबला आणि सिलिंडर उठून दिसले.

राहिला चालक. वेताळाची मूर्ती घडवायला घेतली, दोनदा. सात फुटी धरला तरी तो ८५ मिलिमीटरचा भरतो, सीटवर नीट बसतो, सगळं मापात. पण दोन्ही वेळा तो चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या एखाद्या रागीट काकांसारखा दिसला. काढून टाकला. सीट रिकामीच ठेवली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक पत्र्यातून दोन वहाणा कापल्या, प्रत्येकी १८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात दीड फुटी. अंगठा तांब्याच्या तारेचा. त्या डाव्या पायरीवर ठेवल्या, एक सरळ, एक जरा तिरकी, कुणी घाईत काढून आत बसल्यासारख्या.

गणपतीत लोक आले होते. इंजिनाला कुणी विचारलं नाही, मशालींकडे एकाने पाहिलं. माझ्या भाचीची सहा वर्षांची मुलगी मात्र टेबलाशी वाकली, पायरीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, हा कुठे गेलाय?"