वातड मटण मऊ कसे होते?

लालबागच्या मिरची गल्लीत डंकावर कुटलेला मालवणी मसाला रश्शाला रंग आणि झणका देतो. ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा मात्र हाडामांसातूनच येतो. बकऱ्याचा खांदा, मान, नळी या सतत राबणाऱ्या भागांत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. साधारण ६० अंश सेल्सिअसला ते आकसते, तंतूंमधले पाणी पिळून काढते आणि मटण वातड लागते. नवशिके इथेच घाबरतात. थांबा जरा! ७० अंशांपुढे तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनते. मंद आचेवर याला दोनेक तास लागतात. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून काम लवकर उरकते. फ्रिजमधल्या उरलेल्या रश्शात चरबीच्या थराखाली जे थलथलते, ते हेच जिलेटिन.

युरोपातला बीफ स्ट्यूही याच तत्त्वावर शिजतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसावर बंदी आहे. म्हशीचे चालते, आणि तेही असेच निवांत शिजवावे लागते.

पाण्यात एकच गोष्ट साधत नाही, खमंगपणा. त्याला १४० अंशांच्या आसपासची कोरडी आच हवी. तेव्हा कांदा-खोबरे आधी खरपूस भाजा, मटणही तेलावर चांगले परता; पाणी त्यानंतरच.