जुनाट मूत्राशयदाहावरील नव्या उपचारांचे संशोधन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
मूत्रपिंडांकडून येणारे मूत्र साठविणे व योग्य वेळी ते शरीराबाहेर टाकणे, एवढेच मूत्राशयाचे कार्य होय. निरोगी व्यक्तीला या अवयवाचे अस्तित्व दिवसभरात फारसे जाणवतही नाही. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र मूत्राशय थोडे भरताच ओटीपोटात वेदना सुरू होते, लघवी केल्यावर क्षणभर बरे वाटते आणि लगेच तेच चक्र पुन्हा सुरू होते. अशा व्यक्तीला ४८ मिनिटांची एक तासिका सलग घेणे, बसने दूरचा प्रवास करणे किंवा रात्री अखंड झोपणे अशक्य होऊन बसते. लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि प्रतिजैविकांनी गुण येत नाही. या विकारास 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' असे म्हणतात. अलीकडे त्यासाठी 'मूत्राशयवेदना लक्षणसमूह' ही व्यापक संज्ञाही वापरली जाते.

हा विकार दुर्मीळ नाही. अमेरिकेत झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार तेथील २.७ ते ६.५ टक्के प्रौढ स्त्रियांमध्ये या विकाराशी जुळणारी लक्षणे आढळली. त्यांपैकी जेमतेम १० टक्के स्त्रियांनाच या विकाराचे निदान सांगण्यात आले होते. म्हणजेच बहुसंख्य स्त्रियांना आपल्या दुखण्याचे नावही ठाऊक नव्हते.

उद्दिष्टे :
१) या विकाराच्या संकल्पनेत झालेले बदल समजून घेणे.
२) आजवरच्या प्रमुख औषधचाचण्यांच्या निष्पत्तीचा आढावा घेणे.
३) अनेक नवी औषधे अपयशी का ठरली, याची कारणमीमांसा करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेल्या औषधचाचण्या व वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे ही दुय्यम साधने आधारभूत मानली आहेत.

रोगसंकल्पनेची वाटचाल :
'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' ही संज्ञा अलेक्झांडर स्कीन यांनी १८८७ मध्ये वापरली. १९१५ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील गाय हनर यांनी काही स्त्रियांच्या मूत्राशयाच्या आतील भिंतीवर आढळलेल्या विशिष्ट व्रणांचे वर्णन केले. हे व्रण आजही 'हनर व्रण' म्हणून ओळखले जातात. पुढे असे लक्षात आले की तशीच वेदना असलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये हा व्रण नसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून रोगच नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष अनेकदा काढला गेला. रुग्णांत स्त्रियांची संख्या अधिक असल्यामुळे त्यांची वेदना मनाच्या अस्वस्थतेवर ढकलणे सोपे झाले. ही स्थिती पालटण्यात रुग्णांचाच मोठा वाटा आहे. वैद्यकीय शिक्षण घेत असताना स्वतः या विकाराने ग्रस्त झालेल्या व्हिकी रॅटनर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत रुग्णांची संघटना स्थापन केली आणि संशोधनासाठी पाठपुरावा केला.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने संशोधनासाठी निदानाचे निकष ठरविण्यात आले. ते इतके काटेकोर होते की, तज्ज्ञांनी ज्यांना हा विकार आहे असे मानले, त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण या निकषांत बसत नाहीत, असे १९९९ मध्ये दिसून आले. निकष सैल केले तर भिन्न प्रकारचे रुग्ण एकत्र येतात आणि आवळले तर खरे रुग्ण बाहेर राहतात, हा पेच तेव्हापासून कायम आहे.

संभाव्य कारणे :
या विकाराचे एकच कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. मूत्राशयाच्या आतील बाजूस ग्लायकोसअमिनोग्लायकन या द्रव्याचा संरक्षक थर असतो. तो विरळ झाल्यास मूत्रातील पोटॅशियमसारखे घटक भिंतीत झिरपून मज्जातंतूंना उद्दीपित करतात, असा एक विचार आहे. भिंतीतील मास्ट पेशींमधून हिस्टामीन स्रवून दाह होतो, असा दुसरा विचार आहे. तिसऱ्या मतानुसार वेदना वाहून नेणारी चेतासंस्थाच अतिसंवेदनशील बनते. काही रुग्णांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले असतात. हनर व्रण असलेल्या रुग्णांत मात्र प्रतिकारसंस्थेच्या पेशींची दाट गर्दी व खराखुरा दाह सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. व्रण नसलेल्यांत तो बहुधा अल्प असतो. म्हणजे एकाच नावाखाली किमान दोन, कदाचित त्याहून अधिक, भिन्न विकार वावरत आहेत.

औषधचाचण्यांचा आढावा :
मूत्राशयात नळीवाटे सोडावयाच्या डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावणास अमेरिकी औषध प्रशासनाने १९७८ मध्ये मान्यता दिली. १९९६ मध्ये पेंटोसन पॉलिसल्फेट हे या विकारासाठी मान्यता मिळालेले तोंडावाटे घेण्याचे पहिले औषध ठरले. संरक्षक थराची डागडुजी हा त्यामागील विचार होता. मान्यतेसाठी आधार ठरलेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या ३८ टक्के, तर प्लासिबो म्हणजे औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्या १८ टक्के रुग्णांना आराम वाटला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६८ रुग्णांच्या चाचणीत मात्र प्लासिबो गटातील सुमारे ४१ टक्के व नेहमीच्या मात्रेच्या गटातील सुमारे ४३ टक्के रुग्णांना आराम वाटला. दोन्हींत अर्थपूर्ण फरक उरला नाही. त्यातच २०१८ मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांनी हे औषध दीर्घकाळ घेतलेल्या सहा रुग्णांच्या दृष्टिपटलावर विशिष्ट रंगद्रव्यदोष आढळल्याचे नोंदविले. २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना समाविष्ट झाली.

वेदनेच्या वाढीस कारणीभूत होणाऱ्या नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या प्रथिनास रोखणारे टॅनेझुमॅब हे नवे औषध २०११ च्या अहवालानुसार मूत्राशयाच्या वेदनेवर परिणामकारक दिसले होते. तथापि सांध्यांच्या हानीच्या शंकेमुळे या वर्गातील बहुतांश चाचण्या २०१० मध्येच थांबविल्या गेल्या होत्या. पुढे अन्य आजारांसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या, परंतु २०२१ मध्ये कंपन्यांनी या औषधाचा विकासच सोडून दिला. दाह शमविण्यासाठी तयार केलेले रोसिप्टॉर हे औषध लहान चाचणीत आशादायक वाटले, परंतु २०१८ मध्ये तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही.

अपयशाची कारणमीमांसा :
या अपयशांचा अर्थ ही सर्व औषधे निरुपयोगी होती, असा घ्यावा काय? एका काल्पनिक उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होईल. समजा, १०० रुग्णांपैकी २० जणांच्या विकाराचे मूळ एका विशिष्ट दाहात आहे व नवे औषध त्या २० जणांना हमखास बरे करते. उरलेल्या ८० जणांवर औषधाचा परिणाम होत नाही, परंतु प्लासिबोप्रमाणे त्यांतील ४० टक्के, म्हणजे ३२ जणांना आराम वाटतो. एकूण ५२ जणांना आराम वाटला. प्लासिबो गटात हाच आकडा ४० राहील. लहान चाचणीत हा फरक योगायोगाचा मानला जाण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी २० जणांसाठी संजीवनी ठरू शकणारे औषध 'अपयशी' म्हणून बाजूला पडते.

हे केवळ अंकगणित नव्हे. फिनलंडमध्ये २००५ मध्ये ६४ रुग्णांवर झालेल्या तुलनेत प्रतिकारसंस्थेला आवर घालणाऱ्या सायक्लोस्पोरीनचा ७५ टक्के, तर पेंटोसनचा १९ टक्के रुग्णांना उपयोग झाला. २०१२ मध्ये ४४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता सायक्लोस्पोरीनला हनर व्रण असलेल्यांपैकी ६८ टक्के, तर व्रण नसलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिल्याचे आढळले. रुग्णसंख्या लहान असली, तरी दिशा स्पष्ट आहे. मूत्रपिंड व रक्तदाबावरील दुष्परिणामांमुळे हे औषध सरसकट देता येत नाही. त्यामुळे ते कोणाला द्यावे, हे आधी कळणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

दुसरे उदाहरण औषधाविना उपचाराचे आहे. २०१२ मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांचीच निवड करून चाचणी घेण्यात आली. प्रशिक्षित उपचारकांकडून या स्नायूंवर उपचार घेतलेल्या ५९ टक्के, तर सर्वांगाचे साधे मर्दन घेतलेल्या २६ टक्के स्त्रियांना आराम मिळाला. येथे रुग्णांची निवड अचूक होती, म्हणूनच उपचाराचे मोल दिसू शकले.

२००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'मॅप' या बहुविद्याशाखीय संशोधन जाळ्याने हीच वाट धरली. केवळ ओटीपोटात वेदना असणारे आणि शरीरात अन्यत्रही वेदना असणारे रुग्ण वेगळे आहेत, तसेच वेदना व लघवीच्या तक्रारी स्वतंत्रपणे मोजाव्यात, असे या अभ्यासांतून पुढे आले. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत उपचारांची ठरावीक उतरंड काढून टाकली व रुग्णानुरूप निवडीवर भर दिला.

भारतीय संदर्भ :
आपल्याकडे लघवीची जळजळ म्हणजे 'उन्हाळी लागली' असे समजून धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. पुढे प्रतिजैविकांचे एकामागून एक डोस सुरू होतात. उन्हाळी चार दिवसांत उतरते, हा विकार मात्र उतरत नाही. भारतात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मूत्रसंस्थेचा क्षयरोग अशीच लक्षणे दाखवितो आणि क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चर तपासणीत वाढत नाहीत. त्यामुळे क्षय व मूत्राशयाचा कर्करोग नाही, याची खात्री केल्याशिवाय हे निदान करणे धोक्याचे ठरते. दुर्बिणीद्वारे तपासणी केल्यास हनर व्रणही ओळखता येतो व त्यावर थेट उपचार करता येतात.

निष्कर्ष :
१) जुनाट मूत्राशयदाह हा एक रोग नसून समान लक्षणांचा समूह आहे.
२) भिन्न कारणांचे रुग्ण एकाच चाचणीत मिसळल्याने उपयुक्त औषधांचाही परिणाम झाकला जाऊ शकतो.
३) रुग्णांचे अचूक वर्गीकरण ही नव्या उपचारांच्या संशोधनाची पहिली पायरी आहे.

समारोप :
शंभर वर्षांपूर्वी हनर यांनी जे डोळ्यांना दिसले त्याची नोंद केली. जे दिसले नाही, त्याची किंमत पुढील कित्येक पिढ्यांतील स्त्रियांनी अविश्वासाच्या रूपाने मोजली. शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र व भौतिकोपचार या शाखांनी एकत्र येऊन हा प्रश्न हाताळला, तरच पुढील चाचण्या फलदायी होतील. आपल्या सहकारी अध्यापिकेने वा विद्यार्थिनीने तासिकेच्या मध्येच बाहेर जाण्याची परवानगी वारंवार मागितली, तर तिच्याकडे संशयाने न पाहता तिला योग्य तपासणीचा मार्ग दाखविणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती निश्चितच आहे.