आधी जागा, मग लेन्स

सुगी आटोपली, रानं मोकळी झाली की कराडच्या आसपास बैलगाडा शर्यतींसाठी फाट्या, म्हणजे धावपट्ट्या, आखल्या जातात. गट पुकारले जातात, झेंडा पडतो आणि पाच-सात छकडे एकदम सुटतात. गाडी नजरेच्या टप्प्यात येते आणि निघूनही जाते. एवढ्यात फोटो साधायचा तर पिशवीत कोणती लेन्स हवी, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या हौशी छायाचित्रकारांना आदल्या रात्रीच पडतो.

2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर 2021मध्ये परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून मैदानं पुन्हा गजबजली आणि कडेला कॅमेरेही वाढले.

नवखा माणूस सगळ्यात लांब पल्ल्याची लेन्स मागतो. खरं तर आधी उभं राहायची जागा ठरवावी. हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 200 मिलिमीटरची लेन्स 50 मीटरवर सुमारे 9 मीटर रुंदीचा पट्टा टिपते. दोन बैल, छकडा, गाडीवान आणि मागे उठलेला धुरळा त्यात बसतो. त्याच जागेवरून 600 मिलिमीटर लावली तर जेमतेम 3 मीटर उरतात. बैलांची तोंडं मिळाली तर गाडीवान सुटतो. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर 200ची लेन्स 300सारखी वागते. म्हणून कडेला उभं राहणाऱ्यासाठी 70-200 हीच भरवशाची लेन्स.

लांब लेन्सची खरी गरज निकालाच्या रेषेपलीकडे, गाड्या समोरून येताना. पण फाटीच्या तोंडावर कुणी उभं राहू नये. रेषा ओलांडली म्हणून बैल जागच्या जागी थांबत नाहीत. तिरकं, अडथळ्यामागे, दूर उभं राहून 400 मिलिमीटरने टिपावं. लांब लेन्स अंतर दाबते, त्यामुळे पुढच्या-मागच्या जोड्या एकमेकींना खेटून धावताना दिसतात. नियमाने चाबूक आणि काठी वर्ज्य आहे. गाडीवानाचे हात रिकामे आहेत का, हेही अशा फोटोत स्वच्छ दिसतं. भर दुपारी मात्र तापलेल्या रानावरची हवा थरथरते आणि महागडी लेन्सही चित्र धूसर देते. म्हणून लांबचे फोटो सकाळच्या गटांतच उरकावेत.

वेग ताशी 36 किलोमीटर धरला, तर गाडी सेकंदाला 10 मीटर जाते. शटर 1/1000 ठेवलं तर तेवढ्यात ती फक्त 1 सेंटिमीटर सरकते, आणि खुरांनी उडवलेली ढेकळंही हवेत थांबतात. पण चाकाचे आरे स्थिर दिसले की गाडी उभी असल्यासारखी वाटते. वेग दाखवायचा तर 1/60वर यावं आणि कॅमेरा गाडीबरोबर कमरेतून वळवावा. दहातले नऊ फोटो वाया जातील, तरी दहाव्यासाठी हा खटाटोप जरूर करावा.

फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीत असाच कॅमेरा फिरवला. शटरची फट हळू सरकली, मोटारीचं चाक पुढे झुकलेलं लंबगोल आलं आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. तंत्राच्या हिशेबाने ती चूक. पण आज तेच चित्र वेगाचा नमुना म्हणून दाखवलं जातं. मोबाइलही चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून त्यातही धावत्या गोष्टी तिरक्या दिसू शकतात.

पांढऱ्याशुभ्र खिलारावर कॅमेऱ्याचा मीटर हमखास फसतो आणि बैल करडा दिसतो. उजेड थोडा वाढवून घ्यावा. धुरळ्यात लेन्स बदलणं तर टाळावंच. त्यापेक्षा दुसरा, साधा का होईना, कॅमेरा 35 मिलिमीटर लावून गळ्यात असावा. त्याची पाळी फायनलनंतर येते. जू उतरलेलं असतं, बैलाच्या तोंडाला फेस असतो, कपाळावर गुलाल असतो, आणि मालक बाकी सगळं विसरून आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने बैलाची मान पुसत असतो.