सरकी पेंडेतलं गॉसिपॉल: बुरशीनं संपवलं, की नुसतं लपलं?

सरकीची पेंड (विदर्भात तिला ढेप म्हणतात) गाई-म्हशींना सर्रास घालतात. मग कोंबड्यांना घालताना एवढा हात आखडता का? कारण गॉसिपॉल. कपाशीच्या बियांमध्ये काळसर ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात, त्यांत हे पिवळं पॉलिफिनॉल साठतं. झाडासाठी ते किडींविरुद्धचं हत्यार. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये, ते बरंचसं प्रथिनांना चिकटून निष्प्रभ होतं. कोंबडी, डुक्कर आणि लहान वासरू यांच्याकडे ही सोय नाही. शिवाय ते लोहाला धरून ठेवतं आणि अंड्याचा बलक हिरवट पाडतं.

इथे बुरशी कामाला येते. धिंगरी अळंबी लॅकेज नावाचं तांबेयुक्त एन्झाइम बाहेर सोडते. त्याचं मूळ काम लाकडातल्या लिग्निनचं ऑक्सिडीकरण करणं, पण फिनॉल गट दिसला की ते फारसं निवडून बघत नाही. गॉसिपॉलवर तर असे गट भरपूर. म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधल्या संशोधकांनी सरकीची पूड मिसळलेल्या भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून गॉसिपॉलचं विघटन तपासलं आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

आता या विषयावरचा कुठलाही पेपर वाचताना एक प्रश्न विचारा: नेमकं कुठलं गॉसिपॉल कमी झालं? कारण ते दोन रूपांत असतं, मुक्त आणि बद्ध. त्याचे अल्डिहाइड गट प्रथिनातल्या लायसिनशी जोडले गेले की ते बद्ध होतं. पाणी मिसळलेल्या ॲसिटोनमध्ये मुक्त रूपच उतरतं. म्हणजे नुसतं मुक्त गॉसिपॉल मोजलं, तर बद्ध झालेला रेणू तुम्हाला ‘नष्ट झालेला’ दिसतो. खरं तर तो पेंडेतच बसलेला असतो, आणि वर लायसिनही अडवून ठेवतो.

आणि हे बंधन घडवायला बुरशीच लागते असं नाही. ओलसर उष्णता पुरते! बुरशी टाकण्याआधी आपण पेंड ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ठेवतो, तिथेच मुक्त गॉसिपॉल घसरतं. म्हणून कंट्रोल कच्च्या पेंडेचा एकटा चालत नाही. ऑटोक्लेव्ह केलेली, बुरशी न टाकलेली, तितकेच दिवस त्याच तापमानाला ठेवलेली पेंड हवीच. दोन्हींत मुक्त आणि एकूण, असं दोन्ही मोजा. एकूण गॉसिपॉल बुरशीच्या नमुन्यात कंट्रोलपेक्षा स्पष्ट कमी असेल, तर विघटनाबद्दल बोलायला आधार मिळतो.

दुसरी खोच प्रथिनांची. ‘बुरशीमुळे प्रथिनं वाढली’ हे वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल. समजा १०० ग्रॅम कोरड्या पेंडेत २५ ग्रॅम प्रथिन आहे. बुरशीनं कर्बोदकं खाल्ली, त्यांचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला आणि ८० ग्रॅम उरलं. प्रथिन तेच २५ ग्रॅम, पण टक्केवारी ३१ च्या वर! त्यात केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते, त्यामुळे बुरशीच्या कायटिनमधला नायट्रोजनही प्रथिन म्हणूनच मिरवतो. टक्केवारीआधी ट्रेचं कोरडं वजन विचारा. बऱ्याच तक्त्यांत ते दिलेलंच नसतं.