परमिट रूमचा परवाना: काय पाळायचं आणि कशासाठी

महाराष्ट्रात दारूविक्री चालते ती 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949' या कायद्याखाली. कायद्याची मूळ भूमिका बंदीची आहे आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून अटींवर मिळालेली सूट. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात 1994 साली स्पष्ट केलं. पुढचे सगळे नियम या पायावर उभे आहेत.

आधी परवान्याचा प्रकार पाहू. वाइन शॉपचा परवाना एफएल-2. तिथे सीलबंद बाटली विकायची, दुकानात पिऊ द्यायचं नाही. परमिट रूमचा एफएल-3, तर देशी दारूच्या किरकोळ विक्रीचा सीएल-3. परवाना ठरावीक जागेपुरताच असतो. जागा बदलायची तर आधी मंजुरी हवी. 31 मार्चला मुदत संपते आणि शुल्क भरून नूतनीकरण करावं लागतं. मद्यही कायद्याने अन्नपदार्थांत मोडतं, म्हणून अन्नसुरक्षेचा परवानाही लागतो.

आता रोजचा हिशेब. माल परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि तोही वाहतूक पासावर, म्हणजे धंद्यातल्या भाषेत 'टीपी'वर. आलेला माल, दिवसभराची विक्री आणि उरलेला साठा ब्रँडनुसार नोंदवहीत चढवायचा. तपासणीला आलेला निरीक्षक बाटल्या मोजतो आणि नोंदवहीशी ताळा करतो. बाटल्या जास्त भरल्या, तर त्या आल्या कुठून? गोव्यात कर कमी, म्हणून तिथली स्वस्त दारू चोरट्या मार्गाने महाराष्ट्रात येते, आणि पहिला संशय तिचाच असतो. बाटल्या कमी भरल्या, तर विक्री नोंदीबाहेर झाली. यात प्रश्न नुसत्या महसुलाचा नाही. नोंदीबाहेरच्या बाटलीत नेमकं काय आहे, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली. ती दारू बेकायदा गुत्त्यांवरची होती. बाटलीचा माग ठेवणं किती मोलाचं आहे, हे अशा वेळी कळतं.

कामगारांचीही नोंद लागते. काउंटरवर किंवा टेबलावर दारू देणाऱ्याच्या नावाने उत्पादन शुल्क विभागाकडून 'नोकरनामा' घ्यावा लागतो. नोकराने नियम मोडला, तरी मालकाला हात झटकता येत नाहीत.

सगळ्यांत जड जबाबदारी वयाची. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी किमान 21 वर्षं, इतर मद्यासाठी 25. पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचालकांवर गुन्हे दाखल झाले आणि बारना सील लागलं. बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

बंदचे दिवसही पाळावे लागतात. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला 'ड्राय डे' असतो. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मतमोजणीच्या दिवशीही विक्री बंद ठेवावी लागते.

अट मोडली तर जिल्हाधिकारी कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. त्यावर अपील करता येतं. परिसरालाही आवाज आहे. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात ते हेच.

एवढं सगळं वाचून नवा परवानाधारक विचारेल, सुरुवात कशापासून करू? दारापासून करा. वयाचा पुरावा मागायला आणि तो नसेल तर 'नाही' म्हणायला वेटरला शिकवा. गिऱ्हाईक चिडलं, मोठ्या माणसाचं नाव घेऊ लागलं, तर मालकाने वेटरच्या बाजूने उभं राहावं. गेलेल्या गिऱ्हाइकाचं नुकसान भरून निघतं. त्या 'नाही'ने वाचू शकला असता तो जीव मात्र परत येत नाही.