'नोड' : एका शब्दातील नगररचना

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूर यांना 'नोड' म्हणण्याचा प्रघात आहे. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ वसाहत नव्हे, तर रेषा जेथे मिळतात ती गाठ, असा होय. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात या नगराची कल्पना मांडली; १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने तिला आकार दिला. सर्वांनी एकाच केंद्राकडे धावण्याऐवजी वाहतुकीच्या रेषेवर अनेक केंद्रे ओवावीत, हे तिचे सूत्र. परंतु वाशीस लोहमार्ग १९९२ साली पोहोचला. बेलापूर-पेंधर मेट्रो तर २०२३ साली सुरू झाली. वस्ती पुढे गेली, रेषा मागे राहिली; शब्दाच्या अर्थातूनही ती गळली. भावी वाहतूक आखताना हा गळालेला अर्थच प्रथम परत आणावा लागेल.