शब्द कळत नाहीत? मग नीट ऐका!

हल्लीची बरीच गाणी पहिल्या दहा सेकंदांतच तुम्हाला पकडायला बघतात. आइसलँडच्या ‘सिगुर रोस’ला अशी काही घाईच नाही. म्हणून तर हा बँड एकदा तरी ऐकाच!

१९९४ मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये तिघा मित्रांनी हा बँड काढला. गायक यॉन्सीला नुकतीच बहीण झाली होती. तिचंच नाव बँडला दिलं. अर्थ, विजयाचा गुलाब. यॉन्सी इलेक्ट्रिक गिटारवर चक्क चेलोचा गज फिरवतो. त्यामुळे सूर तुटत नाही, धुक्यासारखा पसरत जातो. वर त्याचा पातळ, उंच आवाज.

पहिला अल्बम आला १९९७ मध्ये, ‘वॉन’, म्हणजे आशा. स्टुडिओचं भाडं परवडेना, म्हणून पोरांनी स्टुडिओ रंगवून दिला, असं सांगतात. अल्बम सत्तर मिनिटांहून मोठा, अंधारा आणि बराचसा खडबडीत. सुरुवातच जवळपास दहा मिनिटांच्या ट्रॅकने. मध्येच एक ट्रॅक नुसत्या शांततेचा! नाव, ‘सूर्योदयापूर्वीचे १८ सेकंद’. पहिल्या वर्षी आइसलँडमध्ये खपल्या जेमतेम तीनशे प्रती.

पण याच अल्बमच्या शीर्षकगीतात यॉन्सी अर्थ नसलेली अक्षरं गायला. त्यावरूनच त्या ‘भाषे’ला नाव पडलं, ‘वॉनलेन्स्का’. तिला ना व्याकरण, ना शब्दकोश. तुम्हाला हे विचित्र वाटतंय? मग आपला तराणा आठवा. ‘तोम् तनन’चा अर्थ कोण विचारतं? पुढे २००२ मध्ये त्यांनी अख्खा अल्बम याच भाषेत केला. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी. शब्द तुमचे तुम्ही लिहा!

जगाने त्यांना ओळखलं ते १९९९ च्या दुसऱ्या अल्बममुळे. त्याचं नाव ‘आउगाइतिस बिर्युन’, म्हणजे ‘चांगली सुरुवात’. दुसऱ्या अल्बमला असं नाव! पण गजाने वाजणारी गिटार आणि अर्थाशिवायचं गाणं, दोन्ही ‘वॉन’मध्येच सापडलं होतं. खप नव्हता, पण आपला आवाज मिळाला होता. कॉलेजच्या बँडसोबत पहिलं गाणं रेकॉर्ड करून व्ह्यूज मोजत बसला असाल, तर हे लक्षात ठेवा.

ऐकायला सुरुवात मात्र १९९९ च्या अल्बमपासून करा, ‘वॉन’कडे नंतर वळा. रात्री, हेडफोन लावून. आणि ते १८ सेकंद आले की फोनची बॅटरी संपली असं समजू नका!